सामाईक गच्ची, सामाईक सातबारा

सामूहिक सौर प्रकल्प म्हणजे अनेक कुटुंबांनी मिळून उभारलेला, किंवा निदान ज्याची वीज अनेक कुटुंबांच्या बिलात वळती होते असा सौर वीज प्रकल्प. स्वतःच्या बंगल्याच्या छपरावर पॅनेल बसवणाऱ्याला याची गरज पडत नाही. ऊन त्याच्याच छपरावर पडते, वीज त्याच्याच घरात जाते आणि बिलही त्याच्याच नावाचे असते. छप्पर एकाचे नसले की अडचण सुरू होते. मुंबईतल्या पंचेचाळीस मजली इमारतीची गच्ची पावणेदोनशे कुटुंबांची असते. रायगडातल्या एखाद्या वरकस जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात. ऊन दोन्हीकडे मुबलक आहे, पॅनेल आणि ती बसवणारे ठेकेदारही सहज मिळतात. गाडी अडते ती वाटणीपाशी. तळा तालुका आणि मुंबई परिसरातील उंची गृहसंकुले शेजारी ठेवून पाहिली, की हा वाटणीचा प्रश्न नीट उलगडतो.

तळा हा रायगड जिल्ह्यातला लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. मुंबई-गोवा महामार्गावरच्या इंदापूरहून पश्चिमेला वळले की तळगडाच्या पायथ्याशी तालुक्याचे गाव लागते. पुढे मांदाड आणि कुडे या बाजूला जमीन राजपुरी खाडीकडे उतरत जाते. कुड्याची प्राचीन लेणी याच भागात आहेत. सखल भागात भातखाचरे, त्यावर वरकस उतार, मध्ये कातळ आणि जंगल, खाडीकाठी खाजण व खारफुटी असा हा प्रदेश आहे. घरटी एक-दोन माणसे मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडे नोकरीला असणे ही इथली पिढ्यांची रीत. गावात माणसे थोडी आणि उघडी जमीन बरीच, तर ज्या शहरात ही माणसे जातात तिथे माणसे पुष्कळ आणि उघडी जागा नाहीच. सौर विजेला मुख्यतः जागा लागते, म्हणून हा फरक तिच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो.

आकडे मांडले की फरक डोळ्यांपुढे येतो. एक किलोवॉट क्षमतेची पॅनेल सपाट गच्चीवर बसवायला साधारण १० चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस फूट जागा लागते. कोकणात वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. आता पंचेचाळीस मजल्यांची, मजल्यावर चार घरे असलेली इमारत घ्या. एकूण १८० घरे. गच्ची ९०० चौरस मीटर धरली, तरी पाण्याच्या टाक्या, लिफ्टची यंत्रे, एसीचे बाहेरचे भाग आणि अग्निशमनासाठी मोकळी ठेवायची जागा वजा जाता हाती ४०० चौरस मीटर उरतात. त्यावर ४० किलोवॉट बसतील आणि दिवसाला १६० युनिट मिळतील. घरटी एक युनिटही पडत नाही. मे महिन्यात तीन-चार एसी चालणाऱ्या घराला दिवसाला वीस-पंचवीस युनिट लागतात. एक युनिट म्हणजे दीड टनाचा एसी जेमतेम तासभर चालेल एवढी वीज. त्यामुळे अशा इमारतीच्या जाहिरातीत ‘सौरऊर्जेवर चालणारे संकुल’ असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ जिने, पार्किंग आणि बागेतले दिवे, फार तर पाण्याचे पंप एवढाच घ्यावा. इमारत जितकी उंच, तितका दर घराच्या वाट्याचा गच्चीचा तुकडा लहान. उंची घराची किंमत आणि त्या घरावर पडणारे ऊन यांचे प्रमाण असे व्यस्त असते.

तळा तालुक्यातल्या शंभर उंबऱ्यांच्या वाडीचा हिशेब अगदी उलटा निघतो. दिवे, पंखे, टीव्ही आणि काही घरांत फ्रिज एवढ्याला घरटी दिवसाला सरासरी ३ युनिट धरली, तर सगळ्या वाडीला ३०० युनिट पुरतात. त्यासाठी ७५ किलोवॉट पुरेसे आहेत. जमिनीवर उभारायचे तर एक मेगावॉटला साधारण ४ एकर लागतात. त्या हिशेबाने ७५ किलोवॉटला १२ गुंठे होतात. बारा गुंठ्यांत एका वाडीची वर्षाची वीज निघते, आणि शाळा, समाजमंदिर व चार-दोन स्लॅबची घरे मिळाली तर तेवढीही जमीन अडकवावी लागत नाही.

शहराला लागणारी वीज रायगडातून नेण्याची कल्पना नवी नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. भिवपुरीचे १९२२ साली आले आणि तळ्याशेजारच्या माणगाव तालुक्यातले भिऱ्याचे केंद्र १९२७ साली. घाटमाथ्यावर मुळशीला धरण बांधून अडवलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर तयार झालेली वीज तारांनी मुंबईला न्यायची, अशी ती रचना. त्या धरणाखाली मावळ्यांची भातजमीन गेली. तिच्यासाठी १९२१ साली सेनापती बापट, वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. वीज शहराची, नफा कंपनीचा आणि जमीन गेलेल्यांच्या हाती एकरकमी मोबदला, हा साचा तिथे घट्ट झाला. रायगडात सौर प्रकल्प येताना हाच साचा पुन्हा वापरायचा की गावाला मालकीत वाटा द्यायचा, हे अजून ठरवता येण्यासारखे आहे. धरणाचे पाणी शेकडो चौरस किलोमीटरवरून एका जागी गोळा करावे लागते. ऊन मात्र बारा गुंठ्यांतही तितकेच कामाचे असते. त्यामुळे मोठ्या कंपनीशिवाय हे काम होणारच नाही, असे सौर विजेच्या बाबतीत म्हणता येत नाही.

वीज एका जागी तयार करून दुसऱ्याच्या बिलात वळती करायची, तर मीटरचे नियम समजून घ्यावे लागतात. सगळ्यांत साधी पद्धत नेट मीटरिंगची. दुपारी घरात वापर कमी आणि पॅनेलची वीज जास्त असली की जादा वीज महावितरणच्या तारेत जाते. रात्री तीच तार घराला वीज देते. महिन्याअखेर दोन्हींची वजाबाकी होते आणि शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढली जातात. आर्थिक वर्ष संपताना काही उरलेच, तर त्याला वीज नियामक आयोगाने ठरवलेला कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा फार मोठा संच बसवण्यात घरगुती ग्राहकाचा फायदा नसतो. दुसरी पद्धत समूह नेट मीटरिंगची. यात एकाच ग्राहकाच्या अनेक जोडण्या असतात, उदाहरणार्थ एखाद्या पालिकेची शाळा, दवाखाना आणि पंपघर. एका छपरावरची जादा वीज बाकीच्या बिलांतून वजा होते. तिसरी आभासी नेट मीटरिंगची. इथे प्रकल्प एक आणि ग्राहक अनेक असतात. प्रत्येकाने घेतलेल्या हिश्श्याप्रमाणे युनिट त्याच्या बिलात जमा होतात, त्याच्या स्वतःच्या छपरावर एकही पॅनेल नसले तरी. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ साली समूह आणि आभासी या दोन्ही पद्धतींचे नियम केले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने ‘सौर बागां’चा कायदा २०१० साली केला, मिनेसोटाने २०१३ साली. भाड्याने राहणाऱ्यांना इमारतीच्या गच्चीवरची वीज स्वस्तात मिळावी म्हणून जर्मनीने २०१७ साली कायदा केला. सामूहिक सौरऊर्जेची खरी चावी आभासी मीटरिंगमध्ये आहे, कारण पॅनेल कुठे आहे आणि वीज कोण वापरतो यांची गाठ तिथे सुटते.

मात्र ही गाठ वितरण कंपनीच्या हद्दीपुरतीच सुटते. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, तर मुलुंड-भांडुप, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि सगळ्या रायगडात महावितरण आहे. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. तळ्यातला माणूस डोंबिवलीला राहत असेल, तर त्याचे गावचे मीटर आणि शहरातले मीटर एकाच कंपनीचे असते. कुलाब्यातल्या कोट्यवधींच्या घराला तळ्याच्या माळावरची वीज बिलात वळती करून घेणे अवघड आहे. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घराबाबत मात्र तारेची आणि हिशेबाची यंत्रणा आधीपासून एकच आहे. सामूहिक सौरऊर्जेचा विचार बहुतेक वेळा उंची संकुलांना डोळ्यांपुढे ठेवून होतो. तिचा अधिक नैसर्गिक ग्राहक चाकरमानी आहे.

उंची संकुलांना दुसरी वाट उपलब्ध आहे, ती खुल्या प्रवेशाची, म्हणजे दूरच्या प्रकल्पातून थेट वीज घेण्याची. हरित ऊर्जेसाठी केंद्राने २०२२ साली केलेल्या नियमांनी खुल्या प्रवेशाची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. अनेक लिफ्ट, तरणतलाव, क्लबहाऊस आणि वाहनांची चार्जिंग केंद्रे असलेल्या मोठ्या संकुलाची सामाईक जोडणी ही मर्यादा ओलांडू शकते. मग ते संकुल दूरच्या सौर प्रकल्पातून वीज घेऊ शकते. तारेच्या वापराचे आकार आणि इतर अधिभार त्यावर बसतात, आणि परवडते की नाही हे बहुतांशी त्या अधिभारांवर ठरते. इथे २००५ च्या वीज नियमांतली स्वतःच्या वापरासाठीच्या, म्हणजे कॅप्टिव्ह, प्रकल्पाची तरतूद कामाला येते. प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी वापरकर्त्यांची असली आणि किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरली, तर तो प्रकल्प कॅप्टिव्ह ठरतो आणि परस्पर अनुदानाचा अधिभार त्याला लागत नाही. नोंदणीकृत सहकारी संस्था असेल तर या दोन्ही अटी सभासदांनी एकत्रित पूर्ण केल्या तरी चालतात, असे नियमातच म्हटले आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सहकारी संस्थेला रायगडात स्वतःचा सौर प्रकल्प उभारता येईल, एवढी वाट कायद्याने मोकळी ठेवलेली आहे. त्याच संस्थेत जमीनमालकांना सभासद करून घेतले, तर जमीन देणारा आणि वीज वापरणारा एकाच सभेत बसतील. भिऱ्याच्या वेळी असे काही शक्य नव्हते.

ही सभा महत्त्वाची का, ते भाड्याच्या हिशेबातून कळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवलेली आहे. पडीक वरकसाला हा दर नक्कीच चांगला आहे. चार एकरांवर एक मेगावॉट बसला, तर शेतकऱ्याला पहिल्या वर्षी २ लाख मिळतात. तो मेगावॉट वर्षाला साधारण साडेचौदा लाख युनिट देतो. युनिटला ३ रुपये धरले, तरी ४३-४४ लाखांची वीज होते. तीच वीज शहरातल्या सर्वांत वरच्या टप्प्यातल्या घरगुती ग्राहकाच्या बिलातून वजा झाली, तर तिची किंमत याच्या कितीतरी पट ठरते, कारण त्या टप्प्यात युनिटला दहा रुपयांहून बरेच जास्त मोजावे लागतात. भांडवल, व्याज आणि देखभाल यांचा मोठा खर्च यातून जातो, हे खरे. पण पंचवीस वर्षांच्या करारात जमीनमालक निव्वळ भाडेकरारावर राहिला, तर कर्ज फिटल्यानंतरच्या वर्षांची कमाई पूर्णपणे दुसऱ्याची होते. भाडे थोडे कमी आणि उत्पन्नात ठराविक हिस्सा, असा करार गावाच्या जास्त हिताचा आहे.

ही कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, राळेगणसिद्धीपासून. तिचा दुसरा टप्पा २०२३ साली आला. त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला, तो ३ मेगावॉटचा आहे. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, त्यासाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर त्यावर चालवायचा, ही योजनेची कल्पना आहे आणि मराठवाडा, विदर्भ, नगर भागात ती अचूक बसते. कोकणात शेतीपंपच थोडे. भात पावसावर होते, त्यामागून ओलीवर वाल येतो, उतारावर नाचणी-वरी होते. तळा तालुक्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे निराळी मांडणी लागते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतल्या आदर्श सौरग्रामाचेही तसेच आहे. त्या स्पर्धेत उतरायला गावाची लोकसंख्या साधारणपणे पाच हजारांवर असावी लागते, आणि तळ्यासारख्या तालुक्यातली बहुतेक गावे त्याच्या आसपासही नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे शंभराच्या आसपास घरांचे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. लहान गावांना हे जास्त सहज जमते, हेच त्यातून दिसले होते.

तळ्यासारख्या ठिकाणी सामूहिक सौरऊर्जेची सुरुवात नळपाणी योजनेपासून करणे सर्वांत शहाणपणाचे. ग्रामपंचायतीच्या खर्चात पाण्याच्या पंपाचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल हा कायमचा घोर असतो. बिल थकते, जोडणी तुटते आणि ऐन एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन विहिरीवर जातात. दहा अश्वशक्तीचा पंप साडेसात किलोवॉटचा असतो. तो दिवसाला पाच तास चालवायला ३७-३८ युनिट लागतात आणि १० किलोवॉटचा संच ती सहज देतो. पंपाला ऊन असतानाच चालायचे असते. पाणी टाकीत चढवून ठेवले की बॅटरीचे काम टाकीच करते. उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढते तेव्हा ऊनही जास्त असते. पावसाळ्यात वीज घटते तेव्हा झऱ्या-विहिरींना पाणी असते. पंपाच्या गरजेला सौर विजेचे वेळापत्रक इतके चपखल क्वचितच बसते. घराघरांवरच्या संचांकडे त्यानंतर वळता येईल. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यावरच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे, मात्र कौलारू छप्पर हा मोठा अडथळा ठरतो. मंगलोरी कौलांखालचे वासे आणि रीपा पॅनेलच्या वजनाचा विचार करून बांधलेले नसतात. साडेपाचशे वॉटचे एक पॅनेल सव्वादोन मीटरहून थोडे लांब आणि सत्तावीस-अठ्ठावीस किलोंचे असते. छपराचा उतार दक्षिणेकडे असेलच असे नाही, आणि माकडांनी फोडलेली कौले दर पावसाआधी बदलावीच लागतात. पॅनेलखालची कौले कशी बदलणार? म्हणूनच कौलारू वाडीला गावच्या सामाईक जागेवरचा एकच प्रकल्प जास्त सोयीचा. आभासी मीटरिंगची गरज शहराइतकीच इथेही आहे.

सामाईक जागा मिळवण्यातच वर्षे जातात. कोकणातला सातबारा उघडला की भोगवटादारांच्या सदरी एकाखाली एक नावे लागलेली असतात. त्यांतली काही मयत असतात, काहींची वारसनोंद झालेली नसते, काही सहहिस्सेदार नालासोपाऱ्याला तर काही सुरतेला असतात. दोन एकरांच्या गटात एकेकाच्या वाट्याला चार-चार गुंठे येतात, तेही कागदावर, कारण पोटहिस्स्याची मोजणी कधी झालेलीच नसते. पंचवीस वर्षांचा भाडेकरार नोंदवावा लागतो आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्रे लागतात. एकाने नकार दिला की कर्ज देणारी बँक मागे सरते. त्यात ‘इतर हक्कां’त खाजगी वनाची नोंद निघाली, तर ती सोडवायला निराळी कचेरी. खाजण जमीन सपाट आणि मोहक दिसते, पण २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने खारफुटी तोडायला जवळपास पूर्ण बंदी आहे. शिवाय खारे पाणी चढते तिथे लोखंडी सांगाडा उभा करणे मुळातच चुकीचे. गायरान घ्यावे तर गुरे चारायची कुठे, हा प्रश्न गावकरी विचारतात आणि त्यांचे बरोबर असते. राहतो तो कातळ आणि पडीक वरकस. पॅनेलचे खांब दोन-अडीच मीटर उंच घेतले, तर खाली गवत वाढते, सावलीत हळद-आल्यासारखी पिके येतात आणि जमीन पूर्णपणे हातची जात नाही. सांगाड्याचा खर्च त्यामुळे वाढतो, पण सहहिस्सेदारांची संमती मिळणेही सोपे होते.

शहरातल्या गच्चीचा इतिहास याच वळणाचा आहे. महाराष्ट्रात १९६३ पासून मालकी हक्क सदनिका कायदा आहे. बिल्डरने सोसायटी स्थापन करून द्यावी आणि जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण करावे, असे तो सांगतो. हजारो सोसायट्यांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे झाले नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्याच एका खटल्यात ठरवले. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक क्षेत्राच्या व्याख्येतच गच्ची घातली. कायदा आता स्पष्ट आहे. तरीही उंची इमारतींत गच्चीवर पॅनेलला प्रतिस्पर्धी पुष्कळ असतात. आकाशाखालचा तरणतलाव, पार्टीची जागा, चालण्याचा मार्ग हे सगळे जाहिरातीत आधीच विकले गेलेले असते. त्यामुळे सौर संचाचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा. चालण्याच्या मार्गावर पॅनेलचे छत, पार्किंगच्या मंडपावर पॅनेल, दक्षिण-पश्चिम भिंतींवर काचेऐवजी वीज देणारे पृष्ठ असे पर्याय तेव्हाच स्वस्त पडतात. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीतल्या ‘द सोलेअर’ या उंच निवासी इमारतीने २००३ सालीच दर्शनी भिंतीत सौर पॅनेल बसवली होती. उभ्या भिंतीवरचे पॅनेल भर दुपारचे ऊन नीट घेत नाही, म्हणून त्याचे उत्पादन कमी असते. पण उंच इमारतीकडे गच्चीपेक्षा भिंत कितीतरी जास्त असते. सोसायट्यांच्या सामाईक जोडणीवरील संचाला सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान, कमाल ५०० किलोवॉटपर्यंत, मिळते. अनुदान आहे, तरीही सर्वसाधारण सभेत बहुमत जमवताना शेवटच्या मजल्यावरच्या सभासदाची गळतीची भीती घालवावी लागते. म्हणून स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहणारा सांगाडा शहरात जास्त चालतो.

याच शहरी बाजाराचा एक हात आता रायगडात आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाल्यावर अलिबाग परिसरातल्या दुसऱ्या घरांची मागणी आणखी वाढली आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांतही जमिनीची चौकशी होऊ लागली. शनिवार-रविवारी वापरल्या जाणाऱ्या बंगल्यांत तरणतलावाचे पंप, एसी आणि अंगणातले दिवे धरून वीज भरपूर लागते, पण आठवड्याचे पाच दिवस घर बंद असते. त्या पाच दिवसांतली सौर वीज तारेतच जाते. पंचवीस-तीस बंगल्यांच्या अशा वसाहतीने आपला संच शेजारच्या वाडीच्या पंपाशी आणि शाळेशी जोडून सामाईक प्रकल्प केला, तर सोमवार ते शुक्रवारची वीज गावाच्या कामी येईल. गावातल्या विहिरींवर आणि रस्त्यांवर या वसाहतींचा भार पडतोच. परवानगी देतानाच ही अट घालणे ग्रामपंचायतीसाठी रास्त आहे.

कोकणचा पाऊस आणि वारा यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली येते, म्हणून वार्षिक सरासरीवर केलेला बॅटरीचा हिशेब पावसाळ्यात फसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब हजारोंनी पडले आणि काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी छपरावर सौर संच असूनही घरात दिवा लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. तारेला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगात वीज जाऊ नये म्हणून ही सोय सक्तीने केलेली असते. दवाखाना, पंपघर, मोबाइल चार्ज करायची एक जागा, निदान एवढ्यांना बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर हवा. सांगाड्याचे नटबोल्ट किनाऱ्यावर दर वर्षी पाहून घट्ट करावे लागतात. जस्ताचा जाड मुलामा नसेल तर खाऱ्या हवेत सांगाड्याला काही वर्षांतच गंज धरतो. पावसानंतर पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळ साठते, ते काढले नाही की उत्पादन गुपचूप घटत राहते. रात्रीच्या विजेसाठी मोठ्या प्रमाणावर साठवण लागली, तर रायगडात तिचाही नमुना आहे. भिऱ्याला १५० मेगावॉटचा उदंचन संच आहे, जो वीज मुबलक असताना पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज देतो.

सामूहिक वीज संस्था कशाने टिकते आणि कशाने बुडते, याचे दाखले जवळच आहेत. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, तेव्हा देशात प्रयोगादाखल काही ग्रामीण वीज सहकारी संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा त्यांतली एक. श्रीरामपूर-राहुरी भागात तिने चार दशके वीज वाटली. पण तिला वीज बाहेरून विकत घ्यावी लागे, शेतीपंपांची वसुली रखडली आणि थकबाकीचा डोंगर वाढत गेला. २०११ साली तिचा परवाना संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पंपाला लागत नाही तेव्हाची वीज ती वितरण कंपनीला २५ वर्षांच्या करारावर युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकू लागली. दोन्ही संस्था सहकारीच, पण पैशाची दिशा उलटी. मुळा-प्रवराला सभासदांकडून वसूल करून दुसऱ्याला द्यायचे होते, ढुंडीत बाहेरून आलेला पैसा सभासदांत वाटायचा होता. तळ्यातल्या संस्थेची घटना लिहिताना हा भेद डोळ्यांपुढे असायला हवा. युनिट थेट बिलातून वजा झाली तर वसुलीचा प्रश्नच उरत नाही.

घटनेत आणखी दोन कलमे सुरुवातीलाच लागतात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता घालवत. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो, आणि त्या वर्षी पैसे नसल्यामुळे चांगले संच बंद पडून राहतात. म्हणून पहिल्या महिन्यापासून दर युनिटमागे ठरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते खाते दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही, हे पहिले कलम. दुसरे मोडतोडीचे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. मुदत संपल्यावर सांगाडा, काच आणि तारा उचलून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च प्रकल्प चालवणाऱ्याने करावा, आणि त्याची अनामत कराराच्या दिवशीच जमा व्हावी, हे भाडेकरारात लिहून घ्यावे लागते. तसे नसेल तर पंचवीस वर्षांनी फुटक्या काचांचा कातळ सातबाऱ्यावरच्या पुढच्या पिढीच्या माथी येतो, आणि तोवर त्या सातबाऱ्यावर आणखी चाळीस नावे चढलेली असतात.